लागलं तुम्हाला, भोगतंय कोण?

प्रश्न: मी ४४ वर्षांचा, साताऱ्यात खासगी कंपनीत नोकरीला आहे. वडिलांना पक्षाघात झाल्यावर सहा वर्षं ते अंथरुणाला खिळून होते आणि आमच्याकडेच होते. थोरला भाऊ पुण्यात. सणावाराला येऊन जायचा. आठ महिन्यांपूर्वी वडील गेले. तेराव्याला सगळ्या भावकीसमोर तो म्हणाला, "सांभाळलं सांभाळलं काय लावलंय, बाबांच्या पेन्शनवर याचं घर चाललं होतं." मी गप्प बसलो. पण तेव्हापासून मी पहिल्यासारखा राहिलो नाही. बायकोवर फालतू कारणावरून ओरडतो, मध्येच आठ-आठ दिवस अबोला धरतो. तेरा वर्षांच्या मुलीला म्हणालो, "तूही काकासारखीच स्वार्थी निघणार." भावाचा फोन आला की आई झोपली आहे म्हणून सांगतो. तेराव्यानंतर पंधरा दिवसांनी फॅमिली ग्रुपवर त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न का मोडलं ते लिहिलं. ते आमच्यात फक्त आईला आणि मला माहीत होतं. आता सगळे मलाच नावं ठेवतात. माझं वागणं चुकलंही असेल, पण मला असं कुणी केलं? क्रिया तशी प्रतिक्रिया हा तर निसर्गनियम. मग जबाबदारी माझी कशी? आणि वर्षश्राद्धाला तो आला तर मी काय करू?

उत्तर:

तुमचा भाऊ जे बोलला ते वाईट होतं. वेळ वाईट, जागा वाईट आणि मजकूरही वाईट. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. कूस बदलायची, शय्याव्रण होऊ द्यायचे नाहीत, भरवताना ठसका लागू द्यायचा नाही, रात्री दोनदा-तीनदा उठायचं, आणि हे सगळं रजा न घेता. वडिलांची पेन्शन वडील राहत होते त्या घरात खर्च झाली, यात लाजण्यासारखं काहीही नाही. तुम्ही घरातला माणूस गमावला होता आणि तेराव्या दिवशी भावकीत तुमचा पाणउतारा झाला. लागणारच. ते बोलणं जिव्हारी लागलं याबद्दल तुम्ही कुणालाही स्पष्टीकरण देणं लागत नाही.

हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचताना "म्हणजे भाऊच बरोबर" असा अर्थ तुम्ही काढाल अशी मला भीती आहे. समुपदेशनाला येणारी दुखावलेली माणसं नेमकी इथेच अडतात. माझं वागणं चुकलं असं कबूल केलं तर समोरचा सुटेल, असं त्यांना वाटत असतं. तसं होत नाही. ही दोन वेगळी खाती आहेत. तेराव्याचं बोलणं भावाच्या नावावर आहे आणि तिथेच राहील. त्यानंतर तुम्ही जे जे केलंत ते तुमच्या नावावर आहे. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात वळती करता येत नाही. तुम्ही गेले आठ महिने तोच प्रयत्न करताय.

आता तुमचा निसर्गनियम. न्यूटननं तो वस्तूंसाठी सांगितला होता. माणसाला तो लावायचा तर तुमच्याच पत्रात अडचण आहे. भाऊ बोलला तेव्हा तुम्ही गप्प बसलात. म्हणजे ज्यानं धक्का दिला त्याला प्रतिक्रिया मिळालीच नाही. ती मिळाली बायकोला, मुलीला, आईला आणि पुतणीला. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. ऑफिसात साहेबांवर ओरडल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही आणि बहुधा ओरडलाही नसाल, कारण तिथे परिणाम भोगावे लागतात. म्हणजे राग अनावर झाला तरी कुठे सोडायचा आणि कुठे नाही, हे तुम्हाला कळत होतं. घरातली माणसं सहन करतील याची खात्री होती म्हणून तो तिथे सुटला. आणि ग्रुपवरचा मजकूर तर रागाच्या भरातलाही नाही. मध्ये पंधरा दिवस गेले होते. कुठली गोष्ट लिहिली की भावाला सर्वांत जास्त झोंबेल, याचा विचार झाला होता, वाक्यं जुळवली गेली होती. त्याला प्रतिक्रिया म्हणत नाहीत, उट्टं काढणं म्हणतात.

तुम्ही मुद्दाम दुष्टपणा केलात असं मला म्हणायचं नाही. दुखावलेल्या माणसाच्या मनात एक सूट मागणारा आवाज सुरू होतो: माझं एवढं झालंय, आता मी थोडं वाकडं वागलो तर काय बिघडलं? एमिली झिटेक या अमेरिकी संशोधिकेनं सहकाऱ्यांसोबत २०१० साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. काही जणांना आपल्यावर अन्याय झाल्याचा प्रसंग लिहायला सांगितला, काहींना नुसता कंटाळवाणा प्रसंग. मग दोन्ही गटांकडे एक छोटीशी मदत मागितली. अन्याय आठवून लिहिलेल्यांनी मदत नाकारण्याचं प्रमाण जास्त निघालं. गंमत अशी की मदत मागणाऱ्याचा त्या अन्यायाशी काही संबंधच नव्हता. तुमच्या घरात तुमच्या मुलीचा जेवढा संबंध, तेवढाच.

अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५च्या सुमारास मांडायला घेतलेल्या उपचारपद्धतीचा गाभा हाच आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएच संस्थेमुळे आणि डॉ. आनंद नाडकर्णींच्या लेखन-व्याख्यानांमुळे ही विवेकनिष्ठ विचारपद्धती आता बऱ्याच मराठी वाचकांच्या ओळखीची आहे. घटना आणि आपलं वागणं यांच्यामध्ये आपण स्वतःला सांगितलेलं काहीतरी असतं. तुमच्या बाबतीत घटना म्हणजे भावाचं वाक्य. तुम्ही स्वतःला काय सांगितलंत हे पत्रात नाही, पण अंदाज बांधता येतो: सहा वर्षं मातीत गेली, भावकीत सगळ्यांना तेच वाटतं, आता चांगलं वागून उपयोग काय. यातला एकेक तुकडा तपासून पाहा. भावकीत सगळ्यांना तेच वाटतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? एका माणसाच्या एका वाक्यानं सहा वर्षं मातीत कशी जातील? भाऊ मान्य करेल या अटीवर तुम्ही वडिलांचं केलं होतं का? दुःख वाटणं, चीड येणं, भावाशी अंतर ठेवावंसं वाटणं, हे सगळं तपासाअंतीही शिल्लक राहील आणि राहू द्या. जाईल ती फक्त सूट.

एक गोष्ट मात्र मला पत्र वाचताना खटकली ती सांगतो. वडिलांच्या सहा वर्षांबद्दल तुम्ही लिहिलंत, "ते आमच्याकडेच होते." तुम्ही नोकरीला जात होता. म्हणजे दिवसाचे निदान नऊ-दहा तास वडिलांचं कोण करत होतं? अख्ख्या पत्रात तुमच्या पत्नीचा उल्लेख एकाच ठिकाणी आहे, ओरडा खाणारी म्हणून. भावाचं वाक्य जर कुणाच्या कष्टांवर बोळा फिरवणारं असेल तर ते तुमच्याइतकंच, कदाचित जास्त, त्यांच्या कष्टांवर फिरवणारं होतं. आणि त्या रागाचा मार पडला तोही त्यांच्यावरच. तेराव्याच्या रात्री "तुला काय वाटलं ते ऐकून?" असं त्यांना कुणी विचारलं का? तुम्ही विचारलं का?

अबोल्याविषयीही थोडं. आपल्याकडे ओरडणाऱ्या माणसाला तापट म्हणतात आणि अबोला धरणाऱ्याला मानी. मला हा भेद पटत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत एक माणूस आठ दिवस बोलत नाही म्हणजे बाकीचे आठ दिवस त्याच्याकडे बघत जगतात. जेवायला वाढायचं तर ताट पुढे सरकवायचं, मुलीला मध्ये घालून निरोप पाठवायचे. हात उगारला नाही, शिवी दिली नाही, म्हणून हे निरुपद्रवी ठरत नाही.

यावर लोकांचा ठरलेला उपाय असतो: राग आत ठेवू नये, काढून टाकावा. उशीवर बुक्के मारा, एकदा मनसोक्त ओरडून घ्या. हा सल्ला चुकीचा आहे. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञानं २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांनी आपल्याला दुखावणाऱ्या माणसाचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारले, त्यांचा राग सर्वांत जास्त राहिला. जे नुसते शांत बसले त्यांचा त्याहून कमी. २०२४ मध्ये त्यानं आणि सोफी क्यार्विक या संशोधिकेनं मिळून दीडशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यातही शरीराची धडधड कमी करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वसन, स्नायू सैल सोडणं, ध्यान यांनी राग उतरलेला दिसला. धावण्यासारख्या व्यायामानं तब्येत सुधारेल, पण राग उतरेलच असं नाही. तेव्हा मित्रांसोबत बसून तेराव्याचा किस्सा पुन्हा पुन्हा सांगणं बंद करा. मन मोकळं होतंय असं वाटतं, प्रत्यक्षात तुम्ही निखाऱ्यावर फुंकर घालत असता.

ओरडण्याच्या आधी तुमच्या शरीरात काय होतं ते आठवडाभर फक्त बघा. कान गरम होतात, जबडा आवळतो, आवाज चढतो, प्रत्येकाचं वेगळं असतं. वैवाहिक भांडणांवर अनेक वर्षं काम केलेल्या जॉन गॉटमन यांच्या मते नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की समोरच्याचं बोलणं नीट कानात शिरत नाही आणि शरीर निवायला किमान वीस मिनिटं लागतात. म्हणून जबडा आवळला की बोलायचं, "मी आत्ता बोललो तर वेडंवाकडं बोलेन. जेवण झाल्यावर बोलू." आणि जेवण झाल्यावर खरंच स्वतःहून विषय काढायचा. परत येण्याची वेळ सांगितली आणि पाळली, तर ती उसंत. नाही पाळली, तर तो पुन्हा अबोलाच, फक्त त्याला शास्त्राचं नाव दिलं.

आता निस्तरायचं काय आणि कुठून सुरुवात करायची ते. बहुतेक जण भावापासून सुरुवात करतात, कारण भांडण त्याच्याशी. मी उलटं सांगेन. ज्यांचा तेराव्याच्या बोलण्यात काडीचाही हात नव्हता त्यांच्यापासून सुरुवात करा. भाऊ सगळ्यात शेवटी.

पहिली आई, आणि ते आजच. तुमच्या यादीतली सर्वांत गंभीर गोष्ट ती आहे, ओरडण्याहूनही. ज्या बाईचा नवरा आठ महिन्यांपूर्वी गेला, तिला तिच्या मुलाचा आवाज ऐकू न देणं ही शिक्षा तुम्ही भावाला देत होतात, पण भोगली तिनं. कदाचित तिला वाटत असेल की थोरल्याला आपली आठवणच नाही. तिला सांगा, "दादाचे फोन येत होते. मी तुला दिले नाहीत. चुकलं माझं." मग नंबर लावून द्या आणि खोलीबाहेर जा. शेजारी उभं राहून ऐकू नका. पुढे तिच्याकडे स्वतःचा फोन राहील अशी व्यवस्था करा, म्हणजे मधे तुमचा हातच नको. ती रडेल, चिडेल किंवा "जाऊ दे" म्हणेल. जे करेल ते करू द्या.

मुलीशी बोलताना थोडक्यात बोला. "त्या दिवशी मी तुला स्वार्थी म्हणालो. ते खोटं होतं आणि मी तसं बोलायला नको होतं." इथे थांबा. काका काय म्हणाला, मला किती लागलं, आजोबांचं मी किती केलं, यातलं काही नको. माफीच्या वाक्यात काका आला की तेरा वर्षांच्या मुलीला तुमची समजूत काढावी लागते. ती खांदे उडवून "ठीक आहे" म्हणेल आणि पुढचे काही आठवडे तुमचा चेहरा वाचत राहील. तो तिचा हक्क आहे. "सॉरी म्हणालो ना एकदा!" हे वाक्य त्या काळात तोंडातून निघू देऊ नका.

पत्नीशी बोलायला वेळ काढावा लागेल आणि तिथे तुम्ही कमी, त्या जास्त बोलल्या पाहिजेत. त्यांनी जुनी उणीदुणी काढली तर काढू द्या; सहा वर्षांचंही निघेल. मधे "पण मी पण" सुरू करू नका.

पुतणी ही या सगळ्यात सर्वांत निरपराध आणि तिचं नुकसान सर्वांत जास्त. तिच्या आयुष्यातली खासगी गोष्ट तुम्ही भावकीच्या हातात दिलीत, ती परत घेता येणार नाही. ज्या ग्रुपवर लिहिलंत तिथेच लिहा: "मी माझ्या पुतणीबद्दल इथे जे लिहिलं ते लिहिण्याचा मला कोणताही अधिकार नव्हता. ती माझी चूक आहे. कृपया कुणी त्याची चर्चा करू नये." तपशील पुन्हा उगाळू नका. तिला वेगळा निरोप पाठवा आणि उत्तराची अपेक्षा ठेवू नका. तिनं तुम्हाला ब्लॉक केलं असेल तर वाट वाकडी करून, तिच्या आईमार्फत किंवा मैत्रिणीमार्फत, माफी पोचवायचा अट्टहास नको. काही माणसं माफ करत नाहीत. तेही तुमच्या खात्यावरच.

हे करताना एक धोका आहे. एखाद्या रात्री यादी डोळ्यांसमोर येईल आणि वाटेल, मी माणूसच नालायक आहे. जून टँगनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अपराधीभाव आणि शरम यांतल्या फरकावर बरंच संशोधन केलं आहे. "मी वाईट वागलो" असं वाटणारा माणूस निस्तरायला धावतो. "मी वाईटच आहे" असं वाटणारा तोंड लपवतो, आणि ते असह्य झालं की पुन्हा दुसऱ्यावर ढकलतो. तुमचं पत्र त्या दुसऱ्या टोकाला उभं आहे: चुकलंही असेल, पण मला असं कुणी केलं? नालायक वगैरे ठरवण्याची घाई नको. पाच गोष्टी केल्यात, पाच निस्तरायच्या आहेत.

हल्ली रीलमधून "मी ट्रिगर झालो", "तो टॉक्सिक आहे" हे शब्द फार सैल हातानं वापरले जातात. ते ऐकून आलेल्या माणसाला आपल्या जखमेचं नाव अचूक माहीत असतं, पण त्या जखमेपायी घरात कुणाला काय झालं ते विचारलं की तो गडबडतो. तुम्ही यादी स्वतःहून लिहून पाठवलीत, हे मला आशादायक वाटतं.

याच जागी एक अपवाद नोंदवतो, कारण हे उत्तर इतरही वाचतील. घरात मारहाण, धमक्या, कोंडून ठेवणं सुरू असेल आणि त्यात एखादी बाई उलटून ओरडली, तर तिला "तुझ्या वागण्याची जबाबदारी घे" म्हणून हे उत्तर दाखवू नये. तिथे आधी सुरक्षितता. त्यासाठी २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे आणि महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. तुमची गोष्ट तशी नाही.

तुमच्या चिडचिडीतला काही भाग शोकाचाही असणार. सहा वर्षं ज्या माणसाभोवती दिवस आखला होता तो माणूस गेला आणि हात अचानक रिकामे झाले. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, संध्याकाळची दारू वाढली असेल किंवा जगण्यात राम वाटत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. शोक हे कारण खरं आहे. त्यावर उपचार घेणं तुमच्या हातात आहे, म्हणून तेही जबाबदारीतच येतं.

भावाकडे आता येऊ. त्याला माफ करा असं मी म्हणणार नाही; तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याची घाई नाही. तुम्ही दोन गोष्टींबद्दल त्याची माफी मागणं लागता: आईचे फोन आणि त्याच्या मुलीची बदनामी. ती विनाअट मागा. तुझ्या बोलण्यामुळे मी असं केलं, हे त्यात येऊ देऊ नका. त्यानंतर काही दिवसांनी, वेगळ्या फोनवर, तुमचं खातं उघडा: "तेराव्याला तू पेन्शनवरून बोललास ते मला आणि हिला फार लागलं. त्या सहा वर्षांत काय काय झालं ते तुला माहीत नाही. ऐकायची तयारी असेल तर सांगेन." तो ऐकेल, उडवून लावेल, किंवा "तूच बघ काय केलंस" म्हणेल. त्याच्या उत्तरावर तुमचा ताबा नाही. पण हे वाक्य बोलणं आवश्यक आहे, कारण तेराव्याला ते बोललं गेलं नाही आणि मग आठ महिने चुकीच्या माणसांना ऐकावं लागलं. तो उद्या पेन्शनचा हिशोब मागायला लागला तर बिलांची फाइल घेऊन भांडायला बसू नका. आणि घराच्या वाटणीचा विषय असेल तर तो या संभाषणात मिसळू नका. हक्कसोडपत्र असो की आणखी काही, रागात सही करू नका आणि रागात नाकारूही नका. त्यासाठी वकील आहेत.

वर्षश्राद्धाला तो येईल असं धरूनच चला. वडिलांचं श्राद्ध आहे, त्याला यायचा पूर्ण हक्क आहे. श्राद्ध कुणाच्या हातून व्हायचं, कुणी कुठे बसायचं यावरून त्याच सकाळी गुरुजींसमोर जुंपते, असं पुष्कळ घरांत होतं. ते आधीच फोनवर ठरवा. थोरला म्हणून त्यानं करायचं ठरलं तर हरकत घेऊ नका. त्या दिवशी भावकीतलं कुणी जुना विषय काढलाच, तर "आज नको" एवढंच म्हणा आणि दुसऱ्या कामाला लागा. त्याच्याशी एकट्यानं बोलायचं असेल तर पाने उठून पाहुणे गेल्यावर, आई समोर नसताना. नाही बोलावंसं वाटलं तरी चालेल. या-बसा आणि पाणी दिलं एवढं पुरे. आणि एक, त्या दिवसाचा स्वयंपाक तुमच्या पत्नीच्या गळ्यात पडणार असेल, तर त्यांना विचारून आधीच स्वयंपाकाला बाई सांगून ठेवा. खर्च अर्धा भावानं द्यावा, हेही त्याच फोनवर सांगायला हरकत नाही.